सावरबोडीचा शेरा

नवी दिल्ली
९ ऑक्टोबर १९६८

मामा,

तुमच्या आणि मामीच्या पायांना इथूनच हात लावतो. हात दारव्ह्यापर्यंत पोचला असं मामीने समजावं आणि दिवाळीच्या फराळातला माझा वाटा राखून ठेवावा.

या वेळी पत्र कामाचं आहे. गेल्या महिन्यात माझी बदली झाली. शहर तेच, सायकल तीच, फक्त खातं नवं. अजून पुरती टेबलंही आलेली नाहीत. आम्ही दोघेजण एका टेबलावर समोरासमोर बसतो आणि फायली मधोमध ठेवतो. माझ्याकडे माणसं निवडायचं काम आहे. खात्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. तुम्ही स्वतः तीस वर्षं खुफिया पोलिसात काढलीत, तेव्हा तुम्ही विचारणारही नाही.

आलेल्या अर्जांत एक पोरगा आपल्या जिल्ह्यातला आहे. बळीराम उकंडा पाझारे, मुक्काम सावरबोडी, मारेगावजवळ. दहा वर्षं फौजेत वायरलेसवर आहे. बासष्ट साली तो सरहद्दीवरच्या एका चौकीत होता. समोरच्या चिन्यांचं बोलणं त्याच्या कानात स्वच्छ येत होतं, पण त्या चौकीत कुणालाच त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिथून जिवंत परतल्यावर त्याने हट्टाने चिनी भाषा शिकून घेतली. आमच्या परीक्षेत तो पहिला आला आहे. दुसरा त्याच्या इतका मागे आहे की त्याला दुसरा म्हणायलाही संकोच वाटतो.

पण यवतमाळहून त्याच्या नावावर एक जुना कागद आला आहे, मार्च १९५७ चा. शेरा असा: ‘सदर इसम, वय १७, जात पूर्वी महार, हल्ली बौद्ध. सावरबोडी येथील मारुतीच्या देवळाचे दार फोडून आत शिरला व मूर्ती भग्न केली. चिथावणीखोर. नजर ठेवावी.’ खाली सही तुमची आहे.

या एका कागदावर त्याचा अर्ज बाद होतो. यादी वर्षअखेर बंद होईल. तुम्हाला काय आठवतं ते लिहा.

तुमचा,
घनश्याम


दारव्हा
१७ ऑक्टोबर १९६८

घनश्याम,

आशीर्वाद आहेत. फराळातला चिवडा मामीने डब्यात बांधून माझ्यापासून लपवला आहे. तीस वर्षं लोकांच्या घरात काय लपलंय ते शोधलं, पण स्वतःच्या घरातला डबा सापडत नाही.

तू खात्याबद्दल लिहिलं नाहीस, तरी मी वाचलं. बासष्टला चीन आला तेव्हा कळलं नाही, पासष्टला पाकिस्तान आला तेव्हाही उशिरा कळलं. आता देशाबाहेर बघणारं एक वेगळं खातं तुम्ही लोक काढता आहात आणि त्यासाठी चिनी समजणारी माणसं हवी आहेत. बरोबर की नाही? चांगलं आहे. हे आधीच व्हायला हवं होतं. आम्हाला बाहेर बघायला कुणी शिकवलंच नाही. इंग्रज होता तेव्हा इंग्रजाविरुद्ध कोण बोलतो ते लिहायचं. इंग्रज गेला, वही तीच राहिली, फक्त वरचा शिक्का बदलला. सभेला कोण गेलं, मोर्च्यात पुढे कोण होतं, कुणाच्या घरी कुणाची तसबीर आहे. आणि तेही गुपचूप म्हणायचं! दारव्ह्याच्या बाजारात भाजीवाल्या मला बघून ‘आले खुफियावाले, सरका’ म्हणून जागा करून द्यायच्या.

पण त्या पोराचं म्हणशील, तर कागदावर माझी सही आहे म्हणजे ते खरंच असणार. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला त्या लोकांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर सहा महिने गावोगाव कुरबुरी चालल्या होत्या. माझ्या हातून तेव्हा दोनेकशे कागद गेले असतील. एकेक कुठे आठवू? तू दुसरा माणूस बघ. देशात चिनी शिकलेला एवढा एकच पोरगा आहे का?

मामी म्हणते, थंडी पडायला लागली, गळा झाक.

पंजाबराव


नवी दिल्ली
२६ ऑक्टोबर १९६८

मामा,

पहिली गोष्ट, असली वाक्यं आंतर्देशीय पत्रावर लिहीत जाऊ नका. ते पत्रही भारत सरकारनेच छापलेलं आहे. तुम्ही काय ओळखलंत ते मी वाचलं नाही, असं दोघांनी समजू या.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, म्हणून सरळच लिहितो. मी त्या पोराला बोलावून घेतलं होतं. कागदाचं त्याला सांगता येत नाही, म्हणून गावाबद्दल गप्पा मारल्या. आपल्या बाजूचं बोलणं ऐकून तो खुलला. गावात शाळा कुठे, नाला कुठे, देऊळ कुठे, असं मी विचारत गेलो. तो हसून म्हणाला, “साहेब, सावरबोडीले देऊळ कुठी आहे जी? लिंबाखाली ओटा आहे, त्याच्यावर उघडा मारोती. पानी आलं का देव अन गाव संगंच भिजते.”

मी जुने नकाशे काढून बघितले. देऊळ नाही. तेव्हाही नव्हतं.

ज्या देवळाला भिंतच नाही त्याचं दार त्याने कसं फोडलं, मामा?

मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधी तुम्हालाच विचारतो आहे.

घनश्याम


दारव्हा
५ नोव्हेंबर १९६८

घनश्याम,

पत्र पाच दिवस उशाशी घेऊन पडलो आहे. मामीला वाटलं, कुणी गेलं की काय.

मी सावरबोडीला गेलो नव्हतो.

झालं, लिहून टाकलं. मारेगावच्या मोटार स्टँडवर उतरलो होतो. ऊन मी म्हणत होतं आणि तिथून गाव पाच मैल, पायवाट. स्टँडवर सावरबोडीचे मोठे शेतकरी विठ्ठलराव भेटले. त्यांचं मारेगावातही घर होतं. जेवायला घेऊन गेले. पुरणपोळी होती. जेवता जेवता त्यांनी सांगितलं, उकंडाच्या पोराने मारुती फोडला. मी हात धुऊन वही काढली. मारुती म्हटला म्हणजे देऊळ असणार आणि देऊळ म्हटलं म्हणजे दार असणार, म्हणून ते दार मीच घातलं. ‘चिथावणीखोर’ हा शब्द आम्ही त्या दिवसांत सगळ्यांनाच लावत होतो. तो लावला की वरचे साहेब पुन्हा चौकशीला पाठवत नसत.

आणि खरं सांगायचं तर विठ्ठलराव माझ्या जातीचे, शेतीवाडीचे, म्हणून त्यांचं ऐकलं. त्या पोराच्या वस्तीत जाऊन विचारावं असं मनातही आलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे. अकरा वर्षांपूर्वी वाटायला हवी होती.

तू आता काही करू नकोस. मी उद्या सावरबोडीला जातो. सहासष्टाव्या वर्षी पाच मैल चालवतात का ते बघू.

पंजाबराव


दारव्हा
१३ नोव्हेंबर १९६८

घनश्याम,

पाच मैल चालवतात. परतीचे पाच चालवत नाहीत. एका कापसाच्या गाडीवर पडून आलो.

सविस्तर लिहितो, कारण सोबत जो कागद जोडला आहे तो तुला याशिवाय समजणार नाही.

धोतर, कोट, छत्री अशा वेषात गावात शिरलो. लिंबाखाली ओटा होता आणि त्यावर शेंदराचा मारुती होता, खांद्याजवळ सिमेंटने सांधलेला. तिथे चारपाच माणसं बसली होती. मी सवयीप्रमाणे सहज विचारल्यासारखं विचारलं, “उकंडाचा बळीराम म्हणून एक पोरगा आहे ना? कसा काय आहे?” एकदम सगळे उठले. एकाने माझी छत्री घेतली, दुसऱ्याने पाणी आणलं, तिसरा वस्तीकडे पळाला. मला वाटलं, खुफिया म्हणून ओळखलं. तेवढ्यात पाणी देणारा म्हणाला, “पोरगी किती शिकली जी तुमची?”

परका म्हातारा गावात येऊन एखाद्या बिनलग्नाच्या पोराची चौकशी करतो म्हणजे दुसरं काय असणार? स्थळ बघायलाच आला असणार. आणि मी, तीस वर्षांचा मुरलेला माणूस, एका क्षणात बोलून गेलो, “सातवी.”

मग काय विचारतोस! सगळ्या गावाने त्या पोराचं लग्न अंगावर घेतलं. पोरगा चहाही घेत नाही. पोराने वाघ मारला. पोराला चारशे रुपये पगार आहे. शेजारची जमनाबाई म्हणाली, “त्याचा आवाज या गावानं कधी आयकला नाही, इतका गरीब आहे.” ज्या ज्या जातीची माणसं भेटली ती सगळी गोडच बोलली. गावातल्या पोराचं ठरत आलेलं लग्न मोडायला कुणी तयार नव्हतं. चौकशीचा धंदा केलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. दोन तासांत खरं म्हणून एक अक्षर हाताला लागलं नाही.

मग त्याच्या घरी नेलं. उकंडा चार वर्षांपूर्वी वारला. आई आहे, तानाबाई. साठीची असेल, हात कापूस वेचून चिरलेले. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. तिने स्वच्छ सतरंजी टाकली, भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. घनश्याम, त्या वस्तीत मी आयुष्यात जेवलो नव्हतो. जेवलो. भाजी तुझ्या मामीच्या हातच्या भाजीहून चांगली होती, हे तिला कळवू नकोस.

तिने बाकीच्यांना बाहेर काढलं, दार ओढलं आणि माझ्यासमोर बसली.

“भाऊ,” ती म्हणाली, “गाववाल्यायनं गोड गोड सांगतलं असंन. मी पोराची माय आहे, तरी मी खरं सांगतो. तुमी पोरीचे बाप. पोरीच्या बापाले फसवलं तं माह्या पोराचा संसार कसा होईन? त्याच्या नावावर डाग आहे. पोलिसात नाव लागलं आहे त्याचं.”

माझा घास हातातच राहिला.

तिने सांगितलं ते असं. दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव तिने स्वतः टोपलीत घालून नाल्यात नेऊन सोडले. “फेकले नाही जी. हातानं सोडले. इतके दिवस घरात होते, फेकाचे काहून?” त्यानंतर वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. तिथून विठ्ठलरावांचा राग. पुढे फाल्गुनात त्यांची कडब्याची गाडी मागे येताना ओट्यावर आदळली आणि मारुतीचा खांदा उडाला. बळीराम तिथेच उभा होता, शाळेतून आलेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की देव त्यानेच फोडला. नंतर शिपाई शाळेत येऊन त्याचं नाव विचारून गेला. हेडमास्तर घाबरले. पोराची नववी तिथेच सुटली आणि वर्षभराने तो फौजेत गेला.

“अन अजून एक सांगतो,” ती म्हणाली. “त्यानं विठ्ठलरावच्या गड्याच्या मुस्कटात मारली होती. बापाले शिवी देल्ली म्हून. राग आहे त्याले. पोरीले सांगून ठेवजा, वरणात मीठ कमी पडलं तं बोलनार नाही, पन तिच्या मायबापाले कोनी नावं ठेवली तं आयकून घेनार नाही.”

सगळ्या गावात त्या पोराचा दोष सांगणारी एकटी त्याची आई. आणि तिच्यासमोर मी सातवी शिकलेल्या, जन्मालाच न आलेल्या पोरीचा बाप होऊन बसलेलो.

मी हात धुतला. म्हटलं, “बाई, मी पोरीचा बाप नाही. ज्यानं तुमच्या पोराचं नाव पोलिसात लिहिलं तो मीच. अन या गावात पाय न ठेवता लिहिलं.”

ती उठली. माझ्यापुढचं ताट उचललं आणि आत गेली. मला वाटलं, आता वस्ती गोळा करील, आणि तिने केली असती तर मी तक्रार केली नसती. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. मग ती बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज पक्का.

“मंग आता कायले आले?”

“खोडायला आलो.”

“लिवा मंग. माह्यासमोर लिवा. अन काय लिवलं ते वाचून दाखवा. मांगच्या बखती काय लिवलं ते आमाले कोनी दाखवलं नाही.”

मी लिहिलं. वाचून दाखवलं. ‘शांत स्वभावाचा’ असं मी लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं. म्हणाली, खोटं आहे. थपडेचं घातलं. गाडी कुणाची, हे घातलं. देव नाल्यात फेकले की हाताने सोडले, हे मी सोडून दिलं होतं, तेही तिने घालायला लावलं. शेवटी मी माझं नाव, माझा जुना हुद्दा आणि ‘पूर्वीचा शेरा मी ऐकीव माहितीवर, गावी न जाता लिहिला. तो खोटा आहे’ हे वाक्य लिहून सही केली. तिने बाजूला अंगठा उमटवला.

तो कागद सोबत आहे. निघताना तिने पाणी दिलं, पण माझ्याकडे न बघता. मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

पंजाबराव


नवी दिल्ली
२५ नोव्हेंबर १९६८

मामा,

पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. तुमचा राग आला, अभिमान वाटला आणि पुन्हा राग आला.

हा कागद मी पुढे कसा पाठवू? ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या घरी बसून, त्याच्या आईला वाचून दाखवून, तिच्या दुरुस्त्या घेऊन, वर तिचा अंगठा घेऊन अहवाल लिहिला, असं जगात कुठल्या गुप्त खात्यात होत असेल? माहिती देणाऱ्याचं नाव कागदावर यायचं नाही, हा आपला पहिला धडा. तो तुम्हीच मला शिकवलात.

कृपा करून दुसरा कागद लिहून पाठवा. चार ओळी पुरेत. ‘फेरचौकशीत पूर्वीची माहिती चुकीची आढळली.’ आईचा उल्लेख नको, तुमची कबुली नको. पोराचं कामही होईल आणि तुमच्या पेन्शनीला धक्काही लागणार नाही. तुम्हाला या वयात कुणी जाब विचारलेला मला बघवणार नाही.

घनश्याम


दारव्हा
२ डिसेंबर १९६८

घनश्याम,

दुसरा कागद लिहिणार नाही.

तुझ्या चार ओळींत चूक कुणाचीच राहत नाही. माहिती आपोआप चुकीची आढळते, जशी काही ती झाडावर उगवली होती. पुन्हा कुणी शंका काढली, तर जुना शेरा सहीचा आणि नवा शेरा मोघम. कुठला भारी पडेल, ते तूच सांग.

आणि धड्याचं म्हणशील तर नीट ऐक. परमुलखात तुमची माणसं काय करतात, कुणाकडून काय कळतं, ते पोटात ठेवा. माझ्यासारख्याला सांगू नका, बायकोला सांगू नका. पण ही बाई परमुलखातली नाही. मागच्या निवडणुकीत तिने मत दिलं, मीही दिलं, आणि दोन्ही एकाच पेटीत पडली. तिच्या पोराबद्दल तिचंच सरकार काय लिहितं, ते तिने एकदा ऐकलं तर काय बिघडलं? इंग्रजाला तिची भीती होती. आपल्याला काहून असावी? तुमचं खातं अजून टेबलं जमवतं आहे. आत्ताच काय ते शिकवा त्याला. माझ्याएवढं म्हातारं झालं म्हणजे ऐकणार नाही.

पेन्शन बंद झाली तर मामीच्या भावाची शेती राखीन. मामीनेच असं लिहायला सांगितलं आहे.

तोच कागद पाठव. नाहीतर तसं कळव, मी दिल्लीला येऊन साहेबाच्या हातात देतो. काशीला निघालेल्या म्हाताऱ्या बायका दिल्ली बघून येतात, मी का जाऊ नये?

पंजाबराव


नवी दिल्ली
२० जानेवारी १९६९

मामा,

इतके दिवस पत्र नव्हतं, तुम्हाला वाईट वाटलं असेल. लिहायला तोंड नव्हतं.

तुमचा कागद मी नऊ दिवस खणात ठेवला होता. तुमच्या पेन्शनीची काळजी होती हे खरं, पण त्याहून मोठं कारण मी तुमच्यापासूनही लपवलं. सही करणारा माझा मामा आहे, हे मी साहेबांना सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नव्या खात्यात पहिल्या महिन्यात आपल्याच घरची चूक कशी दाखवायची, या विचाराने गप्प बसलो. तुम्ही विठ्ठलरावांकडे जेवून जे केलंत, ते मी न जेवताच करत होतो.

दहाव्या दिवशी कागद घेऊन आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आमचे साहेब मद्रासकडचे, कमी बोलणारे. त्यांनी भाषांतर वाचलं, मग अंगठ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “तुम्ही या फायलीला आता हात लावायचा नाही.” मला वाटलं, संपलं. पण त्यांनी माझ्या जागी दुसरा अधिकारी सावरबोडीला पाठवला, जायचंच आणि पायी जायचं असं बजावून. तो गृहस्थ परत येऊन सांगत होता की गावात शिरल्याबरोबर त्यालाही पहिला प्रश्न ‘पोरगी किती शिकली?’ हाच आला. त्याचा अहवाल आणि तुमचा अहवाल ओळीला ओळ जुळला, थपडेसकट.

मामा, बळीराम पाझारे सहा जानेवारीला रुजू झाला. जुना शेरा रद्द झाला आहे. तुमच्यावर कारवाई नाही. साहेब म्हणाले, त्या म्हाताऱ्याला विचारा, असे आणखी किती कागद त्याने जेवता जेवता लिहिले आणि त्यातले किती त्याला आठवतात. ही शिक्षा आहे की काम, ते मला कळलं नाही. मला वाटतं, दोन्ही.

आणखी एक झालं. आमच्या शाखेच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढला. ‘लिहिणाऱ्याने सदर व्यक्तीस व ठिकाणास स्वतः पाहिले आहे काय?’ सध्या तो आमच्या एका शाखेपुरताच आहे. आत्तापर्यंत तिघांनी ‘नाही’ लिहिलं आणि तिघांनाही परत पाठवलं.

तानाबाईंना तुम्हीच सांगा. दिल्लीत सरकारी नोकरी, कायमची. याहून जास्त काही सांगायचं नाही, हा नियम मात्र पाळा.

मला माफ करा, आणि मामीला सांगा की गळा झाकलेला आहे.

घनश्याम


दारव्हा
४ फेब्रुवारी १९६९

घनश्याम,

तुला माफ करणारा मी कोण? नऊच दिवस ठेवलास. मी अकरा वर्षं ठेवला.

साहेबांना सांग, एकतीस आठवतात. वहीत गावांची नावं लिहून काढली आहेत. पायांचं काय ते बघू, पण सुरुवात दारव्ह्याजवळच्यांपासून करतो.

सावरबोडीला जाऊन आलो. तानाबाई अंगणात तुरी बडवत होती. सांगितलं. ती खाली बसली. तुरीच्या ढिगात हात घालून तशीच बसून राहिली. मग विचारलं, “काय काम करते माहा पोट्टा?”

“दिल्लीत सरकारी. कायमची नोकरी,” मी म्हटलं. “याच्या पुढचं मले सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही का मालूम नाही?”

“सांगता येत नाही.”

यावर ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून थोडं हसली. “खरं बोलाले शिकले तुमी,” म्हणाली. मग उठली, पदर खोचला. “दिल्लीचा कागद साफ झाला. पन या गावात तं तो अजून देव फोडनाराच आहे. थे कोन साफ करनार? चावडीवर चाला.”

घनश्याम, दिल्लीच्या कागदावर सही करणं सोपं होतं. चावडी कठीण. पण गेलो. शुक्रवार होता, ग्रामपंचायतीची बैठक भरली होती. विठ्ठलराव मधे बसले होते, आता थकले आहेत. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मी कोण, सत्तावन्न साली काय लिहिलं, कुठे बसून लिहिलं आणि कुणाचं जेवून लिहिलं. बळीरामनं मूर्ती फोडली नाही, माझा कागद खोटा होता. तीस वर्षं लोकांचं ऐकत आलो, लोकांसमोर बोलायची सवय नाही.

विठ्ठलराव जमिनीकडे बघत होते. मग मागून एक म्हातारा उठला, विठ्ठलरावांचा जुना गडी किसन. ज्याने थप्पड खाल्ली तोच.

“गाडी मी हाकलत होतो,” तो म्हणाला. “बैल बुजला. ओट्याले मीच धडकवली. थ्या पोट्ट्यानं तं बैल आवरला. नाही तं मी चाकाखाली गेलतो.”

विठ्ठलरावांनी त्याच्याकडे बघितलं. किसन बसला नाही, उभाच राहिला. शेवटी विठ्ठलरावच म्हणाले, “गाडी माही होती. बोलाचं मीच होतं.” एवढंच. पुढे बैठकीचं काम सुरू झालं, विहिरीच्या दुरुस्तीचं. पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

तानाबाई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. आत आली नाही. विळा घेतला आणि शेताकडे निघाली. चावडीपासून तिच्या शेताची सरळ वाट लिंबाखालच्या ओट्यावरून जाते. जमनाबाईने मला हळूच सांगितलं की सत्तावन्न सालापासून त्या घरचं कुणी त्या वाटेने गेलं नाही. टोमणे ऐकावे लागत, म्हणून ती माणसं नाल्याकडून मैलभराचा फेरा घेऊन शेतात जात. उकंडाची तिरडीही नाल्याकडूनच गेली.

त्या दिवशी ती सरळ गेली. गावाच्या मधून, ओट्यासमोरून, माणसं बसली होती त्यांच्यापुढून, सावकाश. ओट्यापाशी बसलेल्यांनी पाय आखडून वाट दिली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.

बळीरामला हे सांगता आलं तर सांग. तुमच्या नियमात बसत नसेल तर त्याला सुट्टी दे, घरी येऊन तो स्वतः बघेल.

तुझा मामा,
पंजाबराव